तळाशी छापलेलं नाव : जुन्या मुंबईतले पत्रमालक आणि छापखानेवाले

(उल्हासनगर, कॅम्प २ येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



उद्या सकाळी वर्तमानपत्र आलं की एक काम करा. मथळा वाचू नका, शेवटचं पान उलटा. अगदी तळाशी, चष्मा लावल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत एक ओळ असते. हे पत्र मालक अमुक यांच्यासाठी मुद्रक आणि प्रकाशक तमुक यांनी अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केलं, संपादक अमुक. आपण ती कधी वाचत नाही. आज मला त्या एका ओळीविषयी बोलायचं आहे, कारण छपाईच्या स्वातंत्र्याचा आपल्याकडचा सगळा इतिहास तिच्यात दडलेला आहे.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. आमच्याकडे विचारस्वातंत्र्य शिकवताना मिल्टनपासून सुरुवात करतात. १६४४ साली त्याने छपाईच्या परवान्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. मग कांट येतो, १७८४ साली. माणसाने आपली बुद्धी जाहीरपणे, वाचकवर्गासमोर वापरली पाहिजे, असं तो म्हणतो. मग १८५९ सालचा मिल. शिकवून झालं की विद्यार्थ्यांना वाटतं, स्वातंत्र्य म्हणजे एक विचार करणारा माणूस आणि त्याच्या समोर उभं सरकार. पण विचार आणि वाचक यांच्या मध्ये एक यंत्र असतं. ते कोणाचं तरी असतं, कोणीतरी ते चालवतं, आणि खटला झाला तर कोणीतरी पिंजऱ्यात उभं राहतं. हे मधलं जग मुंबईत कसं उभं राहिलं ते पाहू.

मुंबईत छपाई आणायची खटपट पहिल्यांदा सरकारने केली नाही, एका व्यापाऱ्याने केली. सुरतेचे भीमजी पारेख. यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला आणि १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईला आला. भीमजींना आपल्या लिपीत छापायचं होतं. पण हिल्स छापणारा होता, अक्षरं ओतणारा नव्हता. यंत्र आलं, माणूस आला, आणि अक्षरांपाशी सगळं अडलं.

पुढे शंभर वर्षं गेली. १७८० साली रुस्तुम केरसासपजी या पारशी गृहस्थाने मुंबईत इंग्रजी पंचांग छापलं. त्याच वर्षी कलकत्त्यात हिकीने आपलं गॅझेट काढलं. मुंबईत १७८९ ला हेराल्ड, १७९० ला कूरियर, १७९१ ला गॅझेट अशी इंग्रजी पत्रं निघाली. मालक आणि संपादक इंग्रज, वाचक इंग्रज, जाहिराती जहाजांच्या आणि लिलावांच्या. पण आत छापखान्यात काम करणारी माणसं इथली होती. कूरियरच्या छापखान्यातल्या जिजीभाई छापगर यांनी गुजराती खिळे तयार केले आणि १७९७ साली त्या पत्रात गुजराती अक्षरांत जाहिरात छापली गेली. आडनावच बघा, छापगर. पारशांत धंदा आडनाव होतो, तशी छपाई मुंबईत एका घराचं आडनाव झाली.

आता सरकारकडे वळू. १७९१ मध्येच मुंबई गॅझेटने पोलिसांच्या कारभारावर काहीतरी लिहिलं, आणि सरकारने सांगितलं की इथून पुढे छापण्यापूर्वी मजकूर दाखवत जा. मग १७९९ साली कलकत्त्यात लॉर्ड वेलस्लीने नियमच केले. टिपूशी लढाई चालू होती, फ्रेंचांची धास्ती होती. नियम काय होते? पत्र सरकारच्या सचिवाने पाहिल्याशिवाय छापायचं नाही. रविवारी छापायचं नाही. मालकाने आणि संपादकाने आपलं नाव-पत्ता सरकारकडे द्यायचा. आणि मुद्रकाने आपलं नाव पत्राच्या तळाशी छापायचं. सापडली ती तळाची ओळ! कोणाला पकडायचं हे सरकारला कळावं म्हणून ती आली. वाचकाच्या सोयीशी तिचा काही संबंध नव्हता.

आणि नियम मोडला तर शिक्षा? विलायतेला परत रवानगी. पुढच्या जहाजाने.

इथे एक गंमत आहे. ही शिक्षा इंग्रजालाच देता येते. ज्याचा देशच हा, त्याला परत कुठे पाठवणार? एतद्देशीय माणूस संपादक किंवा मुद्रक झाला की वेलस्लीची शिक्षा लंगडी पडते. हे सरकारच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. १८२३ साली कलकत्त्यात जॉन अॅडमने परवान्याचा नियम आणला. परवान्याशिवाय छापायचं नाही, आणि परवाना सरकार केव्हाही काढून घेईल. राजा राममोहन रॉय यांनी निषेध म्हणून आपलं फारसी पत्र ‘मिरात-उल-अखबार’ बंद केलं. नियमाचा रोख कसा बदलला तो लक्षात घ्या. पूर्वी माणसाला हाकलत होते. आता माणूस इथलाच म्हटल्यावर त्याच्या यंत्राला कुलूप लावायची सोय केली.

मुंबईत तेव्हा गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. आपल्याकडे फार आदराने घेतलं जाणारं नाव, आणि १८१९ साली मुंबईतली छपाईपूर्व तपासणी त्यांनीच उठवली होती. पण १८२४ मध्ये मुंबई गॅझेटचे संपादक फेअर यांनी कोर्टाच्या कामकाजाचं जे वृत्त दिलं त्यावरून याच एल्फिन्स्टनसाहेबांच्या सरकारने त्यांची विलायतेला रवानगी केली. पुढच्याच वर्षी परवान्याचा नियम मुंबई इलाख्यातही आला. मात्र मुंबई शहरात तो लागू करायचा तर सुप्रीम कोर्टात नोंदवावा लागे, आणि १८२६ साली त्या कोर्टाने नोंदवून घ्यायला साफ नकार दिला. म्हणजे शहरात एक न्याय आणि घाटावर दुसरा. अखेर १८३५ साली मेटकाफने हे सगळे परवान्याचे नियम रद्द केले. एक गोष्ट तेवढी ठेवली. मुद्रक आणि प्रकाशकाने मॅजिस्ट्रेटसमोर नाव नोंदवायचं आणि पत्रावर छापायचं. १८६७ च्या कायद्याने ती आणखी पक्की केली. तो कायदा आता गेला, २०२३ चा नवा आला, पण आपल्या शेवटच्या पानावरची ओळ अजून आहे.

तर, इथला माणूस मालक झाला. कसा झाला? तीन माणसं घेतो.

पहिले फर्दुनजी मर्झबान. जन्म १७८७, सुरतेचा. मुंबईत येऊन मुल्ला फिरोज यांच्याकडे फारसी शिकले, मग पुस्तकबांधणीचं दुकान काढलं आणि १८१२ साली स्वतःचा छापखाना. १ जुलै १८२२ रोजी ‘मुंबई समाचार’ निघाला. आधी आठवड्याला, नंतर रोज. आज दोनशे वर्षं उलटली तरी तो निघतो. आशियात सलग चालत आलेलं एवढं जुनं दुसरं वर्तमानपत्र नाही. पण पत्र टिकलं, मालक टिकला नाही. तेव्हा पारशी समाजात कबिशाचा वाद पेटला होता. धार्मिक कालगणना एका महिन्याने पुढे की मागे, हा प्रश्न. आपल्याला आज हसू येईल, पण सणवार, विधी, प्रार्थना, सगळं त्या एका महिन्यावर लटकलेलं. फर्दुनजी त्या वादात पडले, त्यातच व्यापारात बुडाले, आणि १८३२ साली पत्र सोडून पोर्तुगिजांच्या दमणला गेले. १८४७ मध्ये तिथेच वारले. म्हणजे सरकारने त्यांना हात लावला नाही. स्वतःचा समाज आणि स्वतःचं कर्ज, या दोघांनी मिळून त्यांना मुंबईबाहेर काढलं. शंभर वर्षांनंतरची गोष्ट पाहा. १९३३ साली हेच पत्र पुन्हा आर्थिक अडचणीत आलं आणि कामा कुटुंबाकडे गेलं. त्यांच्या कंपनीचा छपाईच्या मालाचा पुरवठा होता आणि त्याचं येणं थकलं होतं. पत्र कोणाच्या हाती जाणार हे कधी कधी विचारांनी ठरत नाही, थकलेल्या बिलाने ठरतं.

दुसरे गणपत कृष्णाजी. जातीने भंडारी. अमेरिकन मिशनने मुंबईत छापखाना घातला होता आणि त्यातून मराठीत धर्मप्रसाराची पुस्तकं निघत होती. ती पाहून या माणसाने ठरवलं की आपणही छापायचं. शिळाप्रेस स्वतः जमवला, दगडावर प्रयोग केले, शाई स्वतः तयार केली, पुढे खिळेही पाडले. १८३१ साली त्यांनी मराठीतलं पहिलं छापील पंचांग काढलं. आता अडचण कुठे आली? छापील कागद सोवळ्यात कसा घ्यायचा? शाईत चरबी असते म्हणे! गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली असं सांगतात. यातला विचार करण्यासारखा भाग वेगळाच आहे. पंचांग कोणाचं? ज्योतिषाचं ज्ञान ब्राह्मणाचं, वाचणारे ब्राह्मण, मुहूर्त सांगणारे ब्राह्मण. आणि ते घरोघर पोचवणारे हात भंडाऱ्याचे. ज्याला शास्त्र सांगायचा अधिकार नव्हता, त्याच्या दगडावरून शास्त्र उमटलं.

आपल्या शेजारी अंबरनाथला शिवमंदिर आहे. त्यात शिलाहारांचा शिलालेख आहे, शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६०. तोही दगडच. राजाने लिहवला, एकच प्रत, आणि वाचायचा तर तिथे जायला हवं. गणपत कृष्णाजींचाही दगडच, पण त्यावरचं लेखन घराघरांत गेलं. दगडावर कोणाचा शब्द कोरायचा हे ठरवणारा आता राजा राहिला नव्हता.

तिसरे जावजी दादाजी. जन्म १८३९. वयाच्या दहाव्या वर्षी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दोन रुपये पगारावर खिळे घासायला लागले. तिथे टॉमस ग्रॅहम नावाचा कसबी कारागीर होता, त्याच्या हाताखाली. इतर छापखान्यांत उमेदवारी केली, १८६४ ला स्वतःचा अक्षरं ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ ला निर्णयसागर छापखाना. देशभरच्या संस्कृत पंडितांनी पुढे निर्णयसागरची प्रत प्रमाण मानली. कारण काय? जावजी आणि त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांनी घडवलेलं अक्षर. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, लहान-मोठी मिळून दुप्पट. देवनागरीला काना, मात्रा, जोडाक्षरं धरून शेकड्यांनी खिळे लागतात. प्रत्येक खिळ्यामागे कोणाचे तरी डोळे गेलेले असतात.

इथे बसलेल्या सिंधी बांधवांना हे वेगळं सांगायला नको. सिंधीची अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपी इंग्रजांनी १८५३ साली ठरवली. फाळणीनंतर तुम्ही या छावणीत आलात तेव्हा घर, धंदा यांच्या जोडीला हाही प्रश्न होता की पाठ्यपुस्तकं, पत्रं कोणत्या अक्षरांत छापायची, त्या लिपीत की देवनागरीत. भाषा माणसाबरोबर गाडीत बसून येते. खिळे येत नाहीत.

आता संपादकांकडे. ६ जानेवारी १८३२, ‘दर्पण’. आपण त्या दिवशी पत्रकार दिन करतो. बाळशास्त्री जांभेकर विशीतले, एल्फिन्स्टन संस्थेत पुढे प्राध्यापक झालेले. एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी. १८४० मध्ये दर्पण थांबलं. पुढच्या वर्षी भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’, त्यात १८४८ पासून लोकहितवादींची पत्रं. ही नावं आपल्याला पाठ आहेत आणि असायलाच हवीत. पण दर्पणचे खिळे जुळवणारा जुळारी कोण? माझ्या पाहण्यातल्या कोणत्याच पाठ्यपुस्तकात तो नाही. जे लिहिलं ते ठेवायचं आणि ज्याने जुळवलं त्याला विसरायचं, ही आपली जुनी खोड. डोकं वरचं, हात खालचे.

कायद्याने मात्र तो भेद केला नाही. आता मी मुख्य मुद्द्याशी येतो.

दोन प्रसंग सांगतो, दोन्ही मुंबईचे आणि पाच वर्षांच्या आतले.

१८३८ साली ‘बॉम्बे टाइम्स’ निघालं, आजच्या टाइम्स ऑफ इंडियाचं मूळ. मालकी व्यापाऱ्यांच्या मंडळाची, भागभांडवलाची. त्यात पुढे पारशीही होते. संपादक जॉर्ज बुइस्ट, मोठा विद्वान. १८५७ चा उठाव झाला आणि बुइस्टच्या लेखणीतून हिंदी लोकांविरुद्ध सूडाची भाषा येऊ लागली. भागधारकांत नवरोजी फर्दुनजी होते. त्यांनी आणि इतरांनी आक्षेप घेतला, हे थांबवा म्हणाले. बुइस्ट मागे हटेना. शेवटी त्याला जावं लागलं आणि रॉबर्ट नाइट संपादक झाला.

आता सांगा, हा छपाईच्या स्वातंत्र्यावरचा घाला की त्या स्वातंत्र्याचं रक्षण? मी हा प्रश्न वर्गात अनेकदा टाकला आहे. पटकन उत्तर येतं, बरं झालं, तो द्वेष पसरवत होता. मग मी विचारतो, उद्या मालकाने चांगल्या संपादकाला असंच काढलं तर? ज्या अधिकाराने नवरोजींनी बुइस्टला घालवलं, अगदी त्याच अधिकाराने. तेव्हा वर्ग गप्प होतो. मालकीत सद्‌गुण नसतो. ती एक ताकद आहे. नवरोजींच्या हाती ती होती म्हणून इथल्या माणसाची अब्रू राखली गेली. ते भागधारक नसते, नुसते वाचक असते, तर एक पत्र लिहून बसले असते.

दुसरा प्रसंग. करसनदास मुळजी यांचं ‘सत्यप्रकाश’ हे गुजराती पत्र. १८६० च्या ऑक्टोबरात त्यांनी वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, ५०,००० रुपयांची. १८६२ साली सुप्रीम कोर्टात खटला चालला, सारी मुंबई लोटली. प्रतिवादी दोन. एक करसनदास. दुसरे कोण? नानाभाई रुस्तमजी राणीना, मुद्रक. हा पारशी माणूस. वैष्णवांच्या भांडणात त्याचं काय होतं? ना तो संप्रदायाचा, ना लेख त्याचा. पण तळाशी नाव त्याचं होतं. करसनदासांच्या शेजारी तो उभा राहिला. एप्रिल १८६२ मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला आणि ११,५०० रुपये खर्चही मिळाला. करसनदासांचं नाव इतिहासात मोठं झालं, रास्तच आहे. पण राणीनांनी ‘हे मी छापणार नाही’ म्हटलं असतं तर तो लेख करसनदासांच्या टेबलावरच राहिला असता.

म्हणून मला म्हणायचंय ते एवढंच. छपाईचं स्वातंत्र्य एका माणसाचं कधीच नसतं. लिहिणारा, छापणारा आणि पैसा घालणारा, तिघांनी मिळून जोखीम घेतली तर ते असतं. तिघांतला एक डगमगला की ते संपतं, मग सरकारला बोट उचलायचीही गरज पडत नाही.

मिलविषयी एक गोष्ट वर्गात मी नेहमी सांगायचो. स्वातंत्र्यावरचा तो ग्रंथ लिहिणारा मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. कंपनीने कलकत्त्यात परवान्याचा नियम आणला त्याच वर्षी तो कामावर लागला. आणि त्याच ग्रंथात तो म्हणतो की अप्रगत समाजांना हे तत्त्व लागू नाही. म्हणजे आपण वगळलेले. तेव्हा आपल्याकडे हे स्वातंत्र्य पुस्तकातून आलं असं समजू नका. जिजीभाईंच्या खिळ्यांतून, गणपत कृष्णाजींच्या दगडातून, राणीनांच्या सहीतून ते आलं.

कोणी म्हणेल, मग ज्याच्यावर अन्याय होतो त्याने स्वतःचं पत्र काढावं, झालं. काढलंच. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढलं, सत्यशोधकांचं पत्र. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवलं. गिरणी कामगारांसाठी झटलेला हा थोर माणूस. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा त्याची पहिली दोन प्रकरणं दीनबंधूत आली, आणि पुढची छापायचं थांबलं. फुल्यांना ते लागलं आणि ती नाराजी त्यांनी त्या पुस्तकातच नोंदवून ठेवली. पत्र आपलं, माणूस आपला, विचार एक, तरी जोखमीपुढे हात आखडला. लोखंड्यांना दोष देणं सोपं आहे. पण छापखाना बंद पडला तर उद्याचा अंक नाही, जुळाऱ्यांचा पगार नाही, हे ज्याला रोज दिसतं त्याची भीती टेबलावर बसून लिहिणाऱ्याला कळत नाही. फुल्यांचा संताप खरा होता आणि लोखंड्यांची अडचणही खरी होती. दोन्ही एकदम समजून घेता आलं तर आपण इतिहास वाचला असं म्हणेन.

आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. शाई नको, खिळे नकोत, दगड नको. एका बोटाने मजकूर हजारांना जातो, आणि तळाशी नाव नसतं. यंत्र कोणाचं आहे ते आपण विचारत नाही, मालक कुठे बसतो तेही माहीत नसतं. वेलस्लीने ती ओळ आपल्याला पकडण्यासाठी आणली होती. आमच्या लोकांनी तिचं काय केलं? राणीनांसारख्यांनी तीच ओळ म्हणजे ‘होय, हे मी छापलं’ असं सांगण्याची जागा केली. उद्या कोणताही मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी मनातल्या मनात त्याच्या तळाशी आपलं नाव घालून बघा, आणि मग ठरवा.